मोठ्या इमामांचा लुकमा

मोठे इमामसाहेब जळत होते. याला दुसरा बरा शब्द सापडला असता तर तोच वापरला असता, पण नाही सापडत. चिडले होते म्हणावं, तर त्यांना कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. दुखावले होते म्हणावं, तर ते मशिदीत आले की अजूनही चार माणसं उठून उभी राहत होती. तेव्हा जळतच होते. आणि कुणावर, तर धाकट्या इमामावर, ज्याला त्यांनी स्वतः अकराव्या वर्षापासून शिकवलं, अक्षरन् अक्षर पाठ करून घेतलं, अख्खा ग्रंथ तोंडपाठ असलेला हाफिज म्हणून उभा केला. लोक त्याला 'धाकटे' म्हणत आणि यांना 'मोठे'. पूर्वी ते ऐकायला गोड वाटायचं. हल्ली 'मोठे' म्हटलं की त्यांना 'म्हातारे' असं म्हटल्यासारखं वाटायचं.

झालं होतं असं, की मोठ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने पायऱ्या चढायला मनाई केली, आणि ज्याच्यावर उभं राहून इमाम शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन देतो, त्या मिंबराला नेमक्या तीन पायऱ्या. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही शुक्रवार चुकवला नव्हता. मुलीचं लग्न शुक्रवारी होतं, तर आधी खुतबा दिला आणि मग लग्नाला गेले. बायको ते अजून ऐकवते. पण गुडघ्यापुढे इलाज नव्हता. तीन महिने धाकटा सांभाळेल, असं त्यांनी मोठ्या मनानं सांगून टाकलं. तेव्हा मन खरंच मोठं होतं, कारण पोराचा आवाज बारीक होता आणि लोकांना सवय यांच्या दमदार आवाजाची होती.

पहिल्याच शुक्रवारी पोरानं ना कयामतीचं नाव काढलं, ना कबरीचं. एकदम नळाचंच काढलं. म्हणाला, आपण नमाजाआधी वजू करतो, हात, तोंड, पाय धुतो. काल मी नळाखाली बादली ठेवून मोजलं, एक माणूस नऊ लिटर पाणी सांडतो. आणि ज्यांच्या पावलावर आपण पाऊल टाकतो म्हणतो, ते पैगंबर ओंजळभर पाण्यात वजू करायचे. नमाज झाल्यावर त्यानं अंगणात सगळ्यांसमोर प्लास्टिकच्या छोट्या जगमध्ये पाऊण लिटर पाणी घेतलं आणि अख्खी वजू करून दाखवली. वर घोटभर पाणी उरलं. लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले. मोठे त्या दिवशी घरी पलंगावर होते, त्यांना हे सगळं तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितलं, आणि तिघांच्याही डोळ्यांत तीच चमक. मोठ्यांनी तिघांनाही 'माशाअल्लाह' म्हटलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

मग पोराला थांबवतो कोण. वजूखान्यातल्या चौदाही नळांना धार बारीक करणाऱ्या जाळ्या बसल्या. ओळखीच्या नळवाल्यानं एक पैसा न घेता वजूच्या पाण्याची वाट गटारातून काढून मशिदीमागच्या पट्टीत वळवली. त्या पट्टीत इतकी वर्षं चपला ठेवायच्या मोडक्या घोड्या आणि फाटक्या चटया पडलेल्या असत. तिथे आता डाळिंबाची आणि लिंबाची रोपं लागली, आणि लागली म्हणजे काय, तरारून वर आली. वर्तमानपत्रातून एक बाई फोटो काढायला आल्या. दुसऱ्या वस्त्यांतल्या मशिदींचे इमाम बघायला आले, आणि त्यातले दोघे तर मोठ्यांच्या बरोबरीचे, त्यांच्यासोबत शिकलेले. ते त्या कालच्या पोराला 'हजरत' म्हणून विचारत होते, की जाळी कितीची घ्यावी.

बाहेरचं एक वेळ सोसता येतं हो. घरातलं कसं सोसायचं? एका दुपारी मोठे बेसिनपाशी वजू करत होते, तोंडावर पाणी मारत होते, तर पाणी बंदच झालं. डोळे उघडून बघतात तर बायकोचा हात नळावर.

"एवढं कशाला लागतं तुम्हाला?" ती म्हणाली. "धाकटे सांगत होते, चेहऱ्याला ओंजळभर पुरतं."

चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईनं असं म्हणावं. मोठ्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते म्हणाले, अगं, मी त्याला वजू शिकवली आहे. ती म्हणाली, हो ना, मग तुम्हाला तर यायलाच पाहिजे. आणि कोपऱ्यातला जग भरून पुढे केला. त्या दिवशी मोठ्यांनी त्या जगाला हात लावला नाही. पाणी मात्र बारीक धारेनं घेतलं, कारण ती दारात उभीच होती.

पण खरं सांगायचं तर नळ, फोटो, बायको, हे सगळं वरवरचं. आत जे सलत होतं ते वेगळंच होतं. पैगंबरांनी एका साथीदाराला वजूत पाणी सांडताना पाहिलं आणि टोकलं. त्यानं विचारलं, वजूतसुद्धा उधळपट्टी असते का. उत्तर मिळालं, असते, तू वाहत्या नदीकाठी बसला असलास तरी असते. ही गोष्ट मोठ्यांनीच त्या पोराला शिकवली होती. याच अंगणात, याच नळांसमोर. आणि शिकलेला धडा म्हणून दाखवल्यावर पोरानं विचारलं होतं, उस्ताद, मग आपला तिसरा नळ सारखा का गळतो? मोठे तेव्हा म्हणाले होते, तुला धडा म्हणायला सांगितलंय, नळ बघायला नाही. पुढचं म्हण.

आता ते पोर मिंबरावरून ती गोष्ट सांगायचं आणि न चुकता म्हणायचं, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. लोक वळून मोठ्यांकडे बघायचे, मान लववायचे. आणि मोठ्यांना वाटायचं, हा मला भीक घालतोय. माझ्याच घरातली वस्तू मलाच देतोय. सव्वीस वर्षं ती गोष्ट माझ्या तोंडात होती, माझ्या तोंडून कुणाचा एक नळ बंद झाला नाही. याच्यात असं काय आहे?

तीन महिन्यांचे पाच झाले. गुडघा केव्हाच बरा झाला होता. मोठे जिना चढत होते, बाजारात जात होते, फक्त हातात काठी असायची आणि नमाजाला पहिल्या रांगेत खुर्ची लागायची, आणि तीही थोडी निमित्तापुरतीच. पण मिंबराचं काही कुणी नाव काढेना. मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणायचे, आराम करा अजून, घाई काय आहे. शेवटी मोठ्यांनी स्वतःच विषय काढला, तेव्हा ठरलं, की येत्या शुक्रवारच्या नमाजानंतर कमिटी बसेल आणि शुक्रवारचं मिंबर कायमचं कुणाकडे ते एकदाच ठरवून टाकेल. 'कायमचं' हा शब्द मोठे घरी जाईपर्यंत मनात घोळवत राहिले. त्यांच्याकडे दुसरं काय होतं? मुलं आपापल्या संसारात. शरीर थकलेलं. आठवड्याचे सहा दिवस ते सातव्यासाठी जगायचे.

त्या शुक्रवारी ते तासभर आधी जाऊन बसले. धाकट्याच्या पाठीमागे, अगदी नेमकी त्याच्या मागचीच जागा. ही जागा हाफिजाची असते. इमाम नमाजात मोठ्यानं कुराणातल्या आयती म्हणत असताना अडखळला, की मागच्या हाफिजानं पुढचे शब्द सांगायचे. याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. आईनं मुलाला भरवावा तसा तो शब्द पुढच्याला भरवायचा असतो, त्याची चूक पकडण्यासाठी द्यायचा नसतो. हेही मोठेच सगळ्यांना शिकवत आले होते.

आणि मोठे त्या दिवशी घास घेऊन बसले होते, पण भरवायला नाही. सुरुवातीचे शुक्रवार सोडले तर पाच महिने ते दर शुक्रवारी कान टवकारून बसत होते, हा कुठेतरी अडखळेल म्हणून. सदरा टोचावा तसा तो विचार त्यांना टोचायचा, पण काढून टाकवत नव्हता. एकदा अडखळू दे. एकदाच. चारशे माणसांना कळू दे, की मागे कोण बसलंय.

धाकट्यानं खुतबा दिला. विषय तोच, उधळपट्टी. खा, प्या, पण उधळू नका, उधळे देवाला आवडत नाहीत, या अर्थाची आयत त्यानं म्हटली आणि उलगडून सांगितली. मोठ्यांनी मनात म्हटलं, आता नमाजातही हीच म्हणणार, म्हणजे दोन्हीची सांगड घातल्यासारखं होईल, लोकांना आवडेल. सगळं लोकांना आवडण्यासाठी. आणि त्यांनी मनातल्या मनात त्या आयतीच्या पुढचे शब्द जिभेवर आणून ठेवले.

नमाज सुरू झाली. धाकट्याचा बारीक आवाज वर चढला. तो म्हणत होता ते बागांचं होतं, मांडवावर चढवलेल्या आणि न चढवलेल्या बागा, खजुरी, शेतं, जैतून, डाळिंबं. पिकलं की खा, आणि कापणीच्या दिवशी गरिबांचा हक्क देऊन टाका, आणि उधळू नका, उधळे देवाला आवडत नाहीत. इथे तो श्वास घ्यायला थांबला. थांबला, तो जरा जास्त थांबला. गळा दाटला असेल, खोकला आला असेल, देवाला ठाऊक.

मोठ्यांनी लुकमा दिला. खणखणीत. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा.

धाकटा गप्प झाला. एक क्षण, दोन क्षण. मग काहीच न म्हणता त्यानं 'अल्लाहु अकबर' म्हटलं आणि तो झुकला. चारशे माणसं झुकली. मोठेही खुर्चीत वाकले, आणि वाकताना त्यांच्या छातीत जे उसळलं ते सांगायला नको. अडकला. अखेर अडकला. पुढचं आठवलं नाही, म्हणून गुंडाळून खाली गेला.

आणि तसेच वाकलेले असताना त्यांना डाळिंबं आठवली.

डाळिंबं त्या आयतीत नाहीत. खाण्यापिण्याच्या आयतीत नाहीत. डाळिंबं दुसरीकडे आहेत, तिच्या एक सुरा, म्हणजे एक अध्याय, आधी. दोन्ही आयतींचा शेवट सारखा, शब्दन् शब्द सारखा, आणि पुढचं मात्र वेगळं. पाठ करणाऱ्या प्रत्येकाला उस्ताद पहिल्याच वर्षी बजावतो, की अशी जुळी ठिकाणं सांभाळा, एकीवरून दुसरीवर पाय घसरतो. मोठ्यांनी शेकडो मुलांना बजावलं होतं. आणि आज पाय त्यांचाच घसरला होता. पोर बरोबर होतं. बरोबर जागी, बरोबर शब्दावर, फक्त श्वास घेत उभं होतं, आणि यांनी त्याच्या तोंडात चुकीचा घास कोंबला.

सजद्यात सगळ्यांनी कपाळ टेकलं. मोठ्यांना खुर्चीत बसल्याबसल्याच वाकायचं होतं.  चारशे माणसांत हाफिज ते दोघेच. तिसऱ्या कुणाला काही कळलेलं नव्हतं. लोकांनी एवढंच ऐकलं होतं, की धाकटे थांबले आणि मोठ्यांनी सांगितलं.

नमाज सुटली आणि लोक मोठ्यांभोवती गोळा झाले. कुणी हात हातात घेतला, कुणी खांद्याला खांदा लावला. उस्ताद ते उस्तादच, असं दोघांतिघांनी म्हटलं. एक म्हातारबुवा म्हणाले, तुम्ही मागे होतात म्हणून नमाज निभावली. पाच महिन्यांनी अशी गर्दी त्यांच्याभोवती झाली होती. खोटं कशाला सांगायचं, मोठ्यांना ते आवडलं. आतून कुणीतरी सांगत होतं की हे तुझं नाही, पण दुष्काळात पाणी समोर आल्यावर ते कुणाच्या विहिरीचं आहे हे कोण विचारतं. त्यांनी मान हलवली, हसले, आणि कमिटीच्या खोलीकडे चालू लागले.

खोलीत पाच माणसं. त्यात बोलणारे दोनच, अध्यक्ष आणि निवृत्त हेडमास्तर. बाकीचे तिघे माना हलवायला. अध्यक्षांचं फरशांचं मोठं दुकान होतं, आणि मशिदीमागच्या त्या पट्टीत फरशी घालून गाड्या लावायची जागा करायची हे त्यांच्या मनात फार वर्षांपासून होतं. डाळिंबं त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. शिवाय ते चौदा नळ त्यांच्या वडिलांनी दिलेले. त्यांना बसवलेल्या जाळ्या म्हणजे वडिलांचा अपमान, असं ते खासगीत बोलायचे. आजवर धाकट्याविरुद्ध बोलायला तोंड नव्हतं. आज आयतं मिळालं.

ते म्हणाले, पाइपा आणि रोपं यांच्या नादात पोराचा पाठ कच्चा झाला. आज सगळ्यांनी पाहिलं. इमाम माळी झाला की असं होतं. शुक्रवारचं मिंबर मोठ्यांकडे परत जावं, आणि मागची पट्टी साफ करून घ्यावी. हेडमास्तरांनी थोडं तोंड वाकडं केलं. ते म्हणाले, एका चुकीवरून एवढं? गेल्या दोन महिन्यांत टँकर एकदाही मागवावा लागला नाही, हे कुणामुळे? अध्यक्ष म्हणाले, टँकर मी मागवीन, नमाज कोण सांभाळणार? 

मोठे खुर्चीत बसून ऐकत होते. मिंबर परत आलं होतं. दुसऱ्या कुणाच्या नाही, अध्यक्षांच्या तोंडून, कायमचं. समोर चहा आला. त्यांनी दोन घोट घेतले. त्या दोन घोटांएवढा वेळ ते सुखी होते.

मग अध्यक्षांनी धाकट्याला बोलावून घेतलं. तो दारात उभा राहिला. बाह्या अजून कोपरापर्यंत दुमडलेल्या. अध्यक्षांनी मिंबराचं आणि पट्टीचं काय ठरतंय ते सांगितलं आणि विचारलं, आज काय झालं?

"चूक झाली," धाकटा म्हणाला. "उस्तादांनी सावरून घेतलं."

त्यानं मोठ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाजात कुढणं नाही, टोमणा नाही. त्याला ठाऊक होतं. ज्यानं हे पाठ केलंय त्याला ठाऊक नसेल असं कसं होईल? नमाजात झुकण्याआधी जे दोन क्षण तो गप्प उभा होता, त्यात त्यानं ठरवलं होतं, की चारशे माणसांपुढे उस्तादाची चूक दाखवायची की आपली. पुढे म्हणत राहिला असता तर लुकमा नाकारला असं झालं असतं, आणि लोकांना कळलं असतं की मोठ्यांचं चुकलं. म्हणून खाली गेला. आणि आता मिंबर हातचं जात असताना, हातानं लावलेली झाडं उपटली जात असतानाही खरं बोलायला तयार नव्हता.

मोठ्यांनी कप खाली ठेवला. पाच महिने ते या पोराच्या आवाजावर जळले, गर्दीवर जळले, नळांवर जळले. ते सगळं आता पोरखेळ वाटलं. हे जे आत्ता दारात उभं होतं, बाह्या दुमडून, निमूट, यावर ते असे जळले, की डोळ्यांत पाणी आलं. असं त्यांना कधी जमलं नव्हतं. सव्वीस वर्षं मिंबरावरून त्यांनी जे सांगितलं, दुसऱ्याचा दोष झाका म्हणून, ते हे होतं, आणि त्यांना एकदाही जमलं नव्हतं.

"चूक माझी होती," मोठे म्हणाले.

 मग अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघा. याला म्हणतात मन. शिष्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतायत."

माना हलवणाऱ्या तिघांनी माना हलवल्या. एकाचे डोळे खरंच ओले झाले. हेडमास्तरसुद्धा म्हणाले, की अशी माणसं आता राहिली नाहीत. मोठे पुन्हा म्हणाले, नाही हो, खरंच माझी होती, लुकमा चुकीचा दिला मी. तर अध्यक्ष धाकट्याला म्हणाले, शिका काहीतरी यांच्याकडून. धाकटा म्हणाला, "तेच शिकतोय." आणि पुन्हा, "उस्ताद उगीच म्हणतायत. चूक माझीच."

आता काय करावं माणसानं? मोठे खरं बोलले तर त्यांचीच आरती होत होती. जे मोठेपण त्या पोरानं केलं होतं, ते हे लोक उचलून यांच्या गळ्यात घालत होते, आणि पोर दारात उभं राहून घालू देत होतं.  मोठे उठले. गुडघा कटकन वाजला, पण उठले. भिंतीतल्या फळीवरून रुमालात गुंडाळलेली कुराणाची प्रत काढली, डोळ्यांना लावली, टेबलावर ठेवली, एक पान उघडलं आणि हेडमास्तरांना म्हणाले, वाचा.

हेडमास्तरांनी चष्मा चढवला. त्यांचं पाठ नव्हतं, पण बघून वाचता येत होतं. बागा, खजुरी, डाळिंबं. शेवटी, उधळे त्याला आवडत नाहीत. मोठे म्हणाले, याच्या पुढचं काय आहे? हेडमास्तरांनी पुढचं वाचलं, गुराढोरांचं होतं. मोठ्यांनी पानं उलटली, दुसऱ्या जागी बोट ठेवलं. आता हे वाचा. शेवट तोच. आणि पुढचे शब्द हेडमास्तरांनी वाचले, तसे ते थांबले, कारण तासाभरापूर्वी तेच शब्द मोठ्यांच्या खणखणीत आवाजात त्यांनी ऐकले होते.

"पोर पहिल्या जागी होतं," मोठे म्हणाले. "मी दुसऱ्या जागेचं सांगितलं. तो अडकला नव्हता. मी त्याच्या अडकण्याची वाट बघत होतो, पाच महिने. म्हणून माझं लक्ष तो काय म्हणतोय याकडे नव्हतं."

हे मात्र सगळ्यांना कळलं. कुणी मान हलवली नाही. ज्याचे डोळे ओले झाले होते तो खिडकीबाहेर बघू लागला. कुणी मोठं मन म्हटलं नाही, आणि मोठे प्रतीवर हात ठेवून उभे होते. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, तर मग मिंबर धाकट्यांकडे राहतं, आणि पट्टीला कुणी हात लावायचा नाही. यावर कुणाचा आक्षेप? अध्यक्षांनी मोठ्यांकडे पाहिलं. मोठे म्हणाले, माझा नाही. अध्यक्षांनी कप बशीत जोरात ठेवला. ठरलं.

मोठे बाहेर आले, काठी टेकत वजूखान्यावरून पुढे निघाले. धाकटा मागून धावत आला. तो रागावला होता. सोळा वर्षांत मोठ्यांनी त्याला रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"मी झाकलं होतं ना, उस्ताद," तो म्हणाला. "कुणाला कळलं नसतं. सगळ्यांसमोर स्वतःला असं कशाला उघडं पाडलंत?"

मोठे थांबले. खोटं बोलणं सोपं होतं. सत्य, मरणानंतरची आखिरत, इमामाची जबाबदारी, सगळे शब्द जिभेवर तयार होते, सव्वीस वर्षांचे. त्यांनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड लाल झालं होतं.

"झाकून तू किती मोठा होत होतास रे," मोठे म्हणाले. "तेवढं मला बघवलं नाही."

 मोठ्यांनी काठी त्याच्या हातात दिली, खाली बसायला त्याचा खांदा धरला, आणि वजूच्या ओट्यावर बसून म्हणाले, पाणी दे, मेहनत फार झाली. त्यानं प्लास्टिकचा तो छोटा जग भरून दिला. मोठ्यांनी तो तोंडाला लावला आणि एका दमात संपवला.